सबनीसांच्या घरची धुरी

६ जुलै २०२५, रविवार

काल पनवेलला पहिला वर्ग झाला. नाव लांबलचक: प्रारंभिक बाल्यावस्था व कुटुंब-साहाय्य, पदव्युत्तर पदविका, अर्धवेळ. दर शनिवारी वर्ग, मधल्या दिवसांत आपापली नोकरी. वर्गात सगळ्या बायका. नर्स, अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका, बोलायला उशीर होणाऱ्या मुलांबरोबर काम करणारी एक. पुरुष मी एकटाच, आणि वयानंही मीच सगळ्यांत मोठा. कोमल नावाची नर्स पहिल्याच तासाला मला काका म्हणाली. मी तिला सांगितलं, नाव धर्मराज नाखवा आहे. ती म्हणाली, बरं काका.

मी ह्या क्षेत्रात कुणाचा हात धरून आलो नाही. बाळ-बाळंतिणींसाठी काम करणाऱ्या एका संस्थेची जीप चालवायचो. तिथल्या कार्यकर्त्या बायका गावात सभेला गेल्या की मी गाडीत बसून ऑफिसच्या कपाटातली पुस्तकं वाचायचो. जासईपासून करंज्यापर्यंत एकही घर नसेल जिथलं बाळ मी पाहिलं नाही. पुढे मुक्त विद्यापीठातून बी. ए. केलं, तिथेच गृहभेटींचं काम मिळवलं. तरी वरची जागा निघाली की पदव्युत्तर पाहिजे म्हणतात. म्हणून हा खटाटोप.

कोर्सची एक पद्धत मला फार आवडली. शिशुनिरीक्षण. प्रत्येकानं आठवड्यातून एक तास तान्ह्या बाळाच्या घरी जाऊन बसायचं. सल्ला द्यायचा नाही, मदत करायची नाही, तिथे टिपणं घ्यायची नाहीत. नुसतं बघायचं, घरी येऊन आठवून लिहायचं आणि शनिवारी गटात वाचायचं. कुटुंब अनोळखी हवं. भावना मॅडम, आमच्या शिक्षिका, म्हणाल्या की मदत करायची सवय लागलेल्या माणसाला नुसतं बघणं सगळ्यांत जड जातं.

मला जाणार नाही. बघण्यात मला हरवणारा अजून भेटायचा आहे.

२३ जुलै, बुधवार

आज जे झालं ते नीट लिहितो.

मॅडमनी एका डॉक्टरीणबाईंच्या ओळखीनं कुटुंब मिळवून दिलं. फक्त आईचं नाव आणि पत्ता: रुचिरा, खांदा कॉलनी, तिसरा मजला. सकाळी अकराला दारात उभा राहिलो आणि पाटी वाचली. कृष्णकांत सबनीस.

बेल वाजवायच्या आधी मी जिना अर्धा उतरलो होतो. मग परत चढलो.

सबनीस सर म्हणजे आमच्या संस्थेचे त्या वेळचे संचालक. ताईचं पहिलं मूल झालं तेव्हाची गोष्ट. करंज्याला आमच्या ओट्यावर आई बाळाला धुरी देत होती. अंघोळीनंतर खापरात निखारे, त्यावर ओवा आणि लसणीची सालं, आणि त्या धुरावरून बाळाला हलकेच फिरवायचं. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट. सर पाहणीला आलेले, मागे पन्नास बायका. त्यांनी पायातल्या बुटानं खापर उडवलं. निखारे ओट्यावर विखुरले. म्हणाले, "ह्याच बायका पोरं मारतात." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "धर्मराज, गाडी काढ." ती माझी आई आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, असं लोक मला नंतर समजावत. ठाऊक होतं. सकाळीच तिच्या हातचा चहा प्यायले होते.

मी गाडी काढली. दारही उघडून धरलं.

धुरी वाईट, हे मला मान्य आहे. फुप्फुसांना त्रास होतो. मी स्वतः गावोगाव तेच सांगतो, सरांनीच लिहिलेल्या पुस्तिकेतून. पण ते सांगायची एक रीत असते.

दार सरांच्या पत्नीनं, शशिकलाबाईंनी उघडलं. त्या मला ओळखत नाहीत. सून रुचिरा घरूनच कंप्युटरवर नोकरी करते, चांगली वाटली. मुलगा इंद्रजीत पुण्याला, शनिवारी येतो. बाळ मुलगी, रेवा, चार महिन्यांची. सर गॅलरीजवळच्या खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. मी मुद्दाम मोठ्यानं नाव सांगितलं: "धर्मराज नाखवा, करंजा."

वर बघून म्हणाले, "गॅसवाले का?"

कुटुंब अनोळखी हवं असा नियम आहे, तो मी मोडलेला नाही. ओळख एकाच बाजूनं आहे. मॅडमना सांगायची गरज नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

सर मला मुद्दाम खिजवतात. आज म्हणाले, बँकेतून आलात का. गेल्या खेपेला मीटर बघायला आला होतात ना, असं विचारलं होतं. प्रत्येक वेळी शशिकलाबाई मध्ये पडतात: "अहो, ते रेवाला बघायला येतात, कॉलेजचे." त्यांना काही विचारलं की उत्तर बाई देतात. गड्यामाणसांशी साहेबानं थेट बोलायचं नाही, ही ह्या लोकांची जुनी ऐट.

बाकी निरीक्षण: शर्टाची गुंडी एक घर चुकलेली. पेपर त्याच पानावर, तासभर. चहा पुढ्यात गार झाला, मग म्हणाले, मला चहा कुणी दिला नाही. बाईंनी न बोलता दुसरा दिला. सुनेनं विचारलं, बाबा, इंद्रजीतला फोन केलात का, तर हसून हात उडवला. एवढा माज. एके काळी आमच्या अहवालातला स्वल्पविराम चुकला तर कागद अंगावर फेकायचा हा माणूस. आता घरात बायकोला राबवतो.

सगळं लिहून काढलं. एक गोष्ट सुटली नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

गटात वाचलं. आम्ही चौघं आणि मॅडम. वाचून झाल्यावर मला वाटलं, निदान तपशिलाबद्दल तरी काही बोलतील. मॅडमनी चष्मा काढला आणि विचारलं, "धर्मराज, ह्यात बाळ कुठे आहे?"

मी म्हटलं, झोळीत. लिहिलंय की, साडीची झोळी, छताच्या कडीला.

"झोळी दिसली. बाळ नाही दिसलं."

कोमल म्हणाली, काका निरीक्षण नाही लिहीत, पंचनामा लिहितात. बाकीच्या हसल्या. मग तीच म्हणाली, "पण काका, ते आजोबा मला बरे वाटत नाहीत. आमच्या वॉर्डात असे येतात." मी तिला सांगितलं की त्या माणसाला तू ओळखत नाहीस. तेव्हा मॅडमनी माझ्याकडे जरा रोखून बघितलं. "तुम्ही ओळखता?" मी म्हटलं, अशी माणसं ओळखतो, असं म्हणायचंय.

पोरीला सगळीकडे पेशंट दिसतात. मला माणूस दिसतो.

१२ ऑगस्ट, मंगळवार

ऑफिसात बातमी. सप्टेंबरमध्ये संस्थेचा वर्धापनदिन. त्यात कृष्णकांत सबनीस यांचा सत्कार आणि 'धुरीमुक्त बाळ' पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीचं प्रकाशन. सर्वांत जुना कार्यकर्ता म्हणून मनोगत कुणी मांडायचं, तर मी.

मी लगेच हो म्हटलं नाही. चहा संपवला, मग म्हटलं.

२० ऑगस्ट, बुधवार

देव आहे.

अकराला पोचलो. रुचिरा आतल्या खोलीत दार लावून कसल्याशा मीटिंगमध्ये. शशिकलाबाई म्हणाल्या, खाली भाजीवाला आलाय, पाच मिनिटांत येते, तुम्ही आहातच. मी माझ्या ठरलेल्या खुर्चीत.

सर उठले. स्वयंपाकघरात गेले. गॅसवर करवंटी पेटवल्याचा वास आला. लोखंडी तव्यावर निखारे घेऊन बाहेर आले, मुठीत लसणीची सालं. तवा झोळीखाली फरशीवर ठेवला, सालं टाकली. धूर निघाला. ज्या माणसानं पुस्तिका लिहिली तो हा. ज्यानं माझ्या आईचं खापर उडवलं तो हा. स्वतःच्या नातीला धुरी देतोय, आणि पुटपुटतोय, "डोळ्यांत जाऊ देऊ नको, आई ओरडेल." मी कान देऊन ऐकलं. शब्दन्‌शब्द लक्षात आहे.

मग ते गॅलरीत गेले आणि तिथेच उभे राहिले, खालच्या गाड्या बघत. तवा तसाच. झोळीच्या साडीचा पदर तव्यापासून वीतभर वर होता.

मी हललो नाही. निरीक्षकानं मध्ये पडायचं नाही. नियम म्हणजे नियम.

शशिकलाबाई आल्या, पिशवी तिथेच टाकली, पदरानं धरून तवा ओढला, मोरीत नेऊन पाणी ओतलं. मग खोलीत धूर असतानाच माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. हात जोडले नाहीत, पण जोडल्यासारखंच. म्हणाल्या, "तुम्ही हे कुठे बोलणार नाही ना? पुढच्या महिन्यात त्यांचा सत्कार आहे. तेवढा होऊ दे."

अब्रूची भीती. असू दे. माझ्या आईलाही अब्रू होती.

मी म्हटलं, नाही बोलणार. मनात म्हटलं, माइक हातात येईपर्यंत.

२३ ऑगस्ट, शनिवार

गटात धुरीचं वाचलं नाही. ते सत्काराच्या दिवसासाठी राखून ठेवलंय. दुसरंच काहीतरी जुळवून वाचलं. मॅडमनी परत तेच विचारलं, बाळ काय करत होतं? मी म्हटलं, झोपलं होतं. झोपलं असावं.

घरी मनोगताचा मसुदा केला. पाच वेळा खोडला. आता सुरुवात अशी: "सन्माननीय सबनीस सरांनी आम्हाला शिकवलं की धुरी देणारी माणसं पोरं मारतात. परवा त्यांच्याच घरी..." इथे थांबायचं. लोक वळून बघतील. मग पुढचं.

३१ ऑगस्ट, रविवार

गौरी आणायला करंज्याला गेलो. धाकटा भाऊ शैलेश बोट धुऊन आला, पंगत झाली, बायका आत गेल्या. आई ओट्यावर सुपारी कातरत बसली होती. वय झालं, पण आवाज बंदरावर पोचेल असा. गावात तिला सोनाबाई म्हणूनच ओळखतात, माझ्या बापाचं नाव कुणी घेत नाही.

मी तिला धुरीचं सांगितलं. एवढे दिवस हेच मनात होतं, की तिच्यासमोर बसून सांगायचं. तिनं अडकित्ता खाली ठेवला. म्हणाली, "परत सांग." परत सांगितलं. करवंटीसकट. ती खो खो हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "त्याच्या घरान? त्याच्या सोताच्या हातान? आवो सबनीस सायेब, आता कुटं गेला तुमचा बूट?" शैलेशला हाक मारून त्यालाही ऐकवायला लावलं.

मग सुपारी परत हातात घेतली आणि विचारलं, "आनि पोर?"

मी म्हटलं, कोण पोर?

"ज्याच्या खाली आग ठेवली ता. ता काय करीत व्हता?"

मी म्हटलं, माहीत नाही. झोळी बंद होती.

"म्हातारा निंगून गेला. आनि तू बसलास."

मी तिला नियम समजावला. निरीक्षण म्हणजे काय, मध्ये का पडायचं नाही, सगळं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "धर्मा, त्यानं माजा खापर उरवला, तवा पोर माज्या हातान व्हता. आंगावर निखारे उरले तरी मी पोर सोरला नाय. तुजा शिक्षान तुला सांगतो का नुसता बग म्हनून?"

पुढे तीच म्हणाली, तो माणूस चळलाय, येड्या, त्याला काय कळतंय. आजच्या आज त्या पोरीला फोन कर. मी म्हटलं, बुधवारी जातोच आहे.

"बुधवारी," ती म्हणाली आणि आत गेली. रात्री जेवायला वाढायलाही आली नाही, शैलेशच्या बायकोनं वाढलं.

परतताना करळच्या पुलावर कंटेनरच्या रांगेत अडकलो. फोन काढला, नंबर लावला नाही. फोन केला तर सत्कार रद्द होईल. मग मी काय आयुष्यभर ते मनोगत घरातच वाचत बसू? दोन-तीन दिवसांचा प्रश्न आहे. बाई आहेत घरात.

३ सप्टेंबर, बुधवार

रात्र बरीच झालीय. तरी आजच लिहितो.

ठरवून गेलो होतो की आधी रुचिराशी बोलायचं. ती मीटिंगमध्ये. शशिकलाबाईंच्या गुडघ्याला शेक द्यायला शेजारची बाई आली होती, दोघी मागच्या खोलीत. दार सरांनीच उघडलं. म्हणाले, "या, या." पहिल्यांदाच. मला विचारलं नाही की गॅसवाले का.

मी खुर्चीकडे वळलो तेव्हा धूर आधीच होता. तवा झोळीखाली. आज साडीचा पदर वीतभर वर नव्हता, काठाला टेकला होता, आणि तिथे एक तपकिरी डाग हळूहळू मोठा होत होता.

मी झोळीत हात घातला.

ती जागी होती. डोळे लाल, पण रडत नव्हती. तोंड उघडं, श्वास घेताना छातीखाली खळगा पडत होता. डाव्या हाताची मूठ साडीच्या कडेत घट्ट अडकलेली. ती सोडवायला मला वेळ लागला, एवढ्याशा बोटांत केवढी ताकद. तिला खांद्यावर घेतलं, दुसऱ्या हातानं साडी चुरगाळून विझवली. ती खोकली. मानेला गरम फुंकर लागली.

वळलो तर सर समोर. त्यांनी तवा बघितला, धूर बघितला, माझ्या हातातलं बाळ बघितलं. आणि त्यांचा चेहरा बदलला. पाठ ताठ झाली. तोच आवाज, तोच, करंज्याच्या ओट्यावरचा.

"ह्याच बायका पोरं मारतात."

आणि पाय उचलला, तव्यावर मारायला. त्या दिवशी पायात बूट होता. आज पाय उघडा होता.

मला दिसला. स्वच्छ दिसला. पांढरा, निळ्या शिरांचा, म्हाताऱ्याचा पाय, आणि खाली लाल निखारे. इतकी वर्षं मी जे मागत होतो ते माझ्यासमोर होतं आणि मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं बघायचं होतं. मी थांबलो. किती ते सांगता येणार नाही, पण थांबलो, हे खरं.

मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "धर्मराज, गाडी काढ."

ओळखलं. एवढे आठवडे नाव घेऊन समोर बसलो, नाही ओळखलं. आज ओळखलं, ते ह्यासाठी. मी वाक्यं तयार ठेवली होती. सर, मी आता गाडी चालवत नाही. सर, मी पदव्युत्तर आहे. एकही आलं नाही. तोंडातून जे आलं ते जुन्या सवयीनं आलं:

"हो सर. गाडी लावलीय. चला."

पाय खाली आला, तव्याच्या अलीकडे. ते दाराकडे निघाले. मी एका हातात बाळ धरून दुसऱ्या हातानं दार उघडून धरलं, ते बाहेर जाऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले आणि गाडीची वाट बघू लागले. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि रुचिराला हाक मारली. एवढ्या मोठ्यानं मी आयुष्यात कुणाला हाक मारली नसेल.

पुढचं थोडक्यात. रेवाला डॉक्टरांकडे नेलं. ठीक आहे, दोन दिवस लक्ष ठेवायचंय. शशिकलाबाईंनी सुनेसमोर सगळं सांगितलं, सरांच्या दीड वर्षापासूनच्या विसरण्याच्या आजाराचं. त्या लपवत होत्या, औषधं डब्यात तांदळाखाली ठेवून. रुचिरा रडली नाही. तिनं मला एकच विचारलं, "काका, हे पहिल्यांदा झालं का?"

मी म्हटलं, नाही. मागे एकदा झालं. मी बसलो होतो.

तिनं बाळ माझ्याकडून घेतलं.

६ सप्टेंबर, शनिवार

भावना मॅडमना तास सुरू व्हायच्या आधी सगळं सांगितलं. ओळख लपवली ते, धुरी लपवली ते, पायाचंही. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, ते निरीक्षण संपलं. रुचिराचा मला फोन आला होता, तिला तुम्ही नको आहात. नवं कुटुंब शोधायचं, पहिल्यापासून सुरू करायचं, म्हणजे पदविका एक वर्ष लांबली. आणि हे सगळं लिहून आणा. बाळासकट.

कोमलनं डब्यातली करंजी पुढे केली. काहीही बोलली नाही. एवढं तिला जमतं तर.

१४ सप्टेंबर, रविवार

सत्कार झाला. शशिकलाबाईंनीच आग्रह धरला, इंद्रजीतनं मान्य केलं. तो वडिलांच्या शेजारी बसून त्यांचा हात धरून होता. शाल पांघरली, सर सगळ्यांकडे बघून गोड हसत होते. लोकांना वाटलं, किती साधे झालेत.

माझं नाव पुकारलं. खिशात पाचवा मसुदा होता. माइकसमोर उभा राहिलो. समोर सर, अनोळखी माणसाकडे बघावं तसे बघत होते, कुतूहलानं. ज्या माणसाला मला हे ऐकवायचं होतं तो सभागृहात नव्हता. तो मागच्या मागे सुटला. हिशेब न देता सुटला, ह्याचा राग मला आजही आहे आणि राहील. जिथे तो उभा होता तिथे एक भित्रं म्हातारं बसवून गेला, की घे, ह्याच्यावर काढ.

मी म्हटलं, "मी सरांची गाडी चालवायचो. त्यांच्यामुळे मी गावोगाव गेलो." खाली बसलो. टाळ्या वाजल्या. सरांनीही वाजवल्या.

खिशातल्या मसुद्यातलं बोलणं मी गिळलं. पचलेलं नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

रात्रीऐवजी आज सकाळी रजा टाकून बसलो आणि मॅडमचं लिखाण पुरं केलं. दुसऱ्या धुरीच्या वेळी रेवा काय करत होती ते सव्वा पान झालं: मूठ, डोळे, छातीखालचा खळगा, मानेवरची फुंकर. पहिल्या धुरीच्या वेळी ती काय करत होती, तिथे मी 'झोपली होती' असं लिहिलं होतं. खोडलं. तिथे काहीच लिहिता येत नाही. तेवढी जागा कोरी सोडली.

दुपारी करंज्याला गेलो. आई मासळी वाळत घालत होती. सगळं सांगितलं, जिन्यापर्यंत. तिनं बोंबलांच्या काठीवरून मान वळवली नाही.

"पोर बरा हाय?"

"हाय."

"आनि त्याचा पाय? भाजला?"

"नाय."

तिनं एक बोंबील काठीवर अडकवला, दुसरा अडकवला. मग म्हणाली, "पोर सुटला ना. मंग जराक भाजला असता तरी चाल्ला असता."

असं नको बोलूस, असं मी तिला म्हटलं नाही. टोपलीतला पुढचा बोंबील उचलून तिच्या हातात दिला.